बेल्ट बांधावा कशासाठी: कंबर धरायला की पोटाला टेकायला?

प्रश्न: मी ३४ वर्षांची असून गेली दोन वर्षे आठवड्यातून तीनदा वजनांचा व्यायाम करते. सध्या ६० किलोचा स्क्वॉट (बार खांद्यांवर घेऊन बैठक) आणि ८५ किलोचा डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलून उभे राहणे) पाच-पाच वेळा होतो. सहा महिन्यांपूर्वी डेडलिफ्टच्या दुसऱ्या दिवशी कंबर आखडायला लागली, म्हणून ट्रेनरने बेल्ट वापरायला सांगितले. आता जिममध्ये शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत बेल्ट कंबरेलाच असतो. एक मैत्रीण म्हणते की बेल्टमुळे पोटाचे स्नायू दुबळे होतात. दुसरा सहकारी म्हणतो की बेल्ट नसेल तर मणक्यातली गादी सरकेल. कोअर मजबूत व्हावे म्हणून मी रोज सकाळी उठल्या उठल्या शंभर क्रंचेस (पाठीवर झोपून धड वर वाकवणे) आणि तीन मिनिटांचा प्लँक (कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर शरीर सरळ धरून ठेवणे) करते, तरी आखडणे थांबलेले नाही. आणखी एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो. जड डेडलिफ्टच्या वेळी कधी कधी लघवीचे थेंब बाहेर पडतात. बेल्ट ठेवावा की सोडावा?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

ज्या वाक्याचा तुम्हाला संकोच वाटला, तेच तुमच्या पत्रातले सर्वांत उपयोगी वाक्य आहे. कंबर आखडणे, बेल्टची सवय आणि ते थेंब या तीन वेगवेगळ्या तक्रारी नसाव्यात असे मला वाटते. पोटात दाब तयार होतो आहे, पण तो जिथे हवा तिथे टिकत नाही आणि जिथून वाट मिळेल तिथून निसटतो आहे, असा त्यांचा एकत्रित अर्थ लागतो. त्यामुळे तुमच्या मैत्रिणीच्या आणि सहकाऱ्याच्या वादात पडण्याआधी बेल्ट नेमके काय करतो ते पाहू. ते दोघे एकमेकांच्या विरुद्ध बोलत असले तरी बेल्ट बाहेरून कंबर धरून ठेवतो, हे दोघांनीही गृहीत धरले आहे, आणि घोटाळा तिथेच आहे.

पाठीचा कणा स्वतःच्या बळावर फारसे ओझे पेलू शकत नाही. स्नायू काढून केवळ मणके, गाद्या आणि अस्थिबंध शिल्लक ठेवलेल्या कंबरेच्या कण्यावर प्रयोगशाळेत भार टाकला, तेव्हा तो सुमारे ९० न्यूटनला, म्हणजे जेमतेम नऊ किलोच्या ओझ्याला, वाकून कोलमडला. तरीही जिवंत माणूस त्याच कण्यावर शंभर-दोनशे किलो घेऊन उभा राहतो, कारण कण्याभोवतीचे स्नायू त्याला सर्व बाजूंनी ताणून धरतात आणि पोटाच्या पोकळीत दाब तयार करतात. या पोकळीला वर श्वासपटलाचे छत आहे, खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आहेत, पुढून आणि दोन्ही कुशींतून पोटाचे आडवे-तिरके स्नायू आहेत आणि मागे कण्याला लगटून असलेले लहान-मोठे स्नायू आहेत. कोअर म्हणतात ते या सगळ्या वेढ्याला. आरशात दिसणारे चौकोन हा त्याचा एक छोटासा भाग झाला.

सायकलच्या चाकाचा विचार करा. ट्यूबमध्ये हवा भरली की चाक भार पेलते, पण नुसती ट्यूब बाहेर काढून तिच्यात हवा भरत राहिलात तर ती फुगत जाते आणि दाब काही फारसा चढत नाही. तिच्यावर टायर असेल तर फुगायला जागा राहत नाही आणि तेवढ्याच हवेत दाब कितीतरी वाढतो. बेल्ट म्हणजे हा टायर. पोटाचे स्नायू बाहेरच्या दिशेने रेटतात, बेल्ट त्यांना अडवतो आणि त्या अडवण्यातून आतला दाब चढतो. ट्यूबमध्ये हवाच नसेल तर टायर कितीही जाड असला तरी चाक रिमवरच बसते, आणि ट्यूबला खालच्या बाजूला कुठे बारीक छिद्र असेल तर हवा जितकी जास्त भराल तितकी ती तिथून अधिक जोराने सुटते. तुमच्या थेंबांचा संबंध या छिद्राशी आहे. त्याकडे थोड्या वेळाने वळू.

बेल्ट आपोआप पाठीचे रक्षण करतो हा समज व्यायामशाळेपुरता मर्यादित नाही. गोदामांत आणि दुकानांत ओझी उचलणाऱ्या कामगारांना कंबरपट्टे देण्याची पद्धत एके काळी फार बोकाळली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९४ मध्ये उपलब्ध पुरावा तपासून सांगितले की, दुखापत नसलेल्या कामगाराला अशा पट्ट्यामुळे संरक्षण मिळते असे दिसत नाही. पुढे त्याच संस्थेने नऊ हजारांहून अधिक दुकान-कामगारांची दोन वर्षे पाहणी केली आणि २००० मध्ये तिचा निष्कर्षही तसाच आला. ते पट्टे मऊ आणि लवचिक असतात, वजन उचलणाऱ्यांच्या कडक चामडी बेल्टसारखे नसतात, हे खरे. पण पट्टा बांधला म्हणजे पाठ सांभाळली गेली, हा भाबडेपणा दोन्हीकडे सारखाच. उलट बेल्ट बांधल्यावर माणूस जास्त वजन उचलतो, मग कण्यावरचा भार कमी कसा होणार? म्हणून तुमच्या सहकाऱ्याची भीती मला पटत नाही. बेल्टशिवाय गादी सरकते असे असते, तर बेल्टविना कसून व्यायाम करणारे असंख्य लोक आज अंथरुणाला खिळलेले दिसले असते.

मैत्रिणीचे म्हणणे मात्र थोडे सोडवून पाहायला हवे. जड वजन उचलताना बेल्ट असला म्हणून पोटाचे स्नायू झोपी जात नाहीत. रेटायला काही मिळाल्यामुळे ते चांगलेच कामाला लागतात. तेव्हा शेवटच्या एक-दोन जड सेटला बेल्ट बांधणाऱ्याचे पोट दुबळे होईल, असे मी म्हणणार नाही. तुमचा प्रश्न निराळा आहे. तुम्ही रिकाम्या बारच्या वॉर्मअपपासून शेवटच्या स्ट्रेचिंगपर्यंत बेल्ट बांधून असता, म्हणजे दोन वर्षांतले शेवटचे सहा महिने तुमच्या पोटाला स्वतःहून ताठ होण्याची तालीमच मिळालेली नाही. स्नायू दुबळे झाले असतील की नाही ते मी येथून सांगू शकत नाही, पण कौशल्य नक्कीच गंजले असेल, आणि ते मुळात शिकवले गेले होते की नाही, याचीही मला शंका आहे. कंबर आखडते म्हणून बेल्ट हाती द्यायचा आणि आखडण्याचे कारण शोधायचे नाही, हा जिममधला जुनाच रिवाज आहे.

मीही सुरुवातीला तीच चूक केली होती. बेल्ट शेवटच्या भोकापर्यंत आवळायचा, तो बसावा म्हणून पोट आत खेचायचे, आणि मग छातीत श्वास भरून वजनाखाली जायचे. त्याने बेल्ट घट्ट वाटे, फोटोत पोट सपाट दिसे, आणि खालून वर येताना दर वेळी कंबर पुढे कलंडे. एका वयस्क प्रशिक्षकांनी ते काही दिवस नुसते पाहिले. मग एकदा त्यांनी बेल्ट दोन भोके सैल करायला लावला, माझ्या कुशीत बेल्टच्या आत स्वतःची दोन बोटे सरकवली आणि म्हणाले, "माझी बोटे बाहेर ढकल." मला ती ढकलता आली नाहीत. पुढून पोट फुगत होते, पण कुशीतून आणि मागून काहीच हालत नव्हते. त्या दिवशी बारवर वजन न चढवता आम्ही अर्धा तास तेवढेच केले.

तुम्हीही तेथूनच सुरुवात करा. पाठीवर झोपून गुडघे वाकवा. दोन्ही हात कुशीत असे ठेवा की अंगठे मागे कंबरेकडे आणि बाकीची बोटे पुढे पोटाकडे येतील. जागा शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधली, जिथे एरवी बोटे मऊ मांसात रुततात ती. आता एकदा खोकून पाहा. खोकल्याबरोबर बोटांखालचे मांस एकाएकी कठीण होऊन बाहेर येते, तीच तुम्हाला हवी असलेली क्रिया. दुसऱ्यांदा न खोकता ती आणण्याचा प्रयत्न करा आणि आणल्यावर पाच सेकंद टिकवा, तेही हळूहळू श्वास चालू ठेवून. अंगठ्यांखाली काही जाणवले नाही तर फक्त पुढचे पोट काम करते आहे असे समजा. झोपून जमले की बसून, मग उभे राहून, मग रिकामा बार खांद्यावर घेऊन तेच करा. बहुतेकांना यात दोन-तीन आठवडे जातात, आणि ते कंटाळवाणे असतात हे मान्य.

नाभी पाठीकडे खेचून घ्या, असा सल्ला तुम्हाला कुठेतरी मिळालेला असण्याची शक्यता आहे, कारण तो फार पसरला आहे. त्याचे मूळ नव्वदच्या दशकातल्या संशोधनात आहे: कंबरदुखी असणाऱ्यांमध्ये पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू किंचित उशिरा जागा होतो असे १९९६ मध्ये हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांनी दाखवले, आणि तो स्नायू ओळखायला शिकवण्यासाठी फिजिओथेरपिस्ट नाभी आत घ्यायला सांगू लागले. झोपून, वजनाशिवाय, स्नायूची ओळख पटवायला ते ठीक होते. ८५ किलो उचलताना पोट आत खेचणे म्हणजे तंबूचे खुंटे आत सरकवण्यासारखे आहे. तळ अरुंद होतो आणि दोऱ्या सैल पडतात. वजनाखाली पोट आत घ्यायचे नाही आणि मुद्दाम फुगवायचेही नाही. कोणीतरी कुशीत गुद्दा मारणार आहे अशा बेताने ते चहूबाजूंनी कठीण करायचे.

श्वासाचे म्हणाल तर, उचलण्याआधी पोटात आणि कुशीत जाईल असा श्वास घ्या, पण फुफ्फुसे गच्च भरू नका; पूर्ण श्वासाच्या साधारण तीन-चतुर्थांश पुरतो. पोट कठीण करा, खाली जा, आणि वर येताना सर्वांत अवघड टप्पा ओलांडला की दातांतून हळूहळू सोडा. घसा बंद करून दाब देण्याच्या या क्रियेला सतराव्या-अठराव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ व्हाल्साल्वा यांचे नाव मिळाले आहे. ती उपयोगी आहे, तशीच जोखमीचीही. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्ही पायांनी जड लेग प्रेस करणाऱ्या, म्हणजे यंत्रावर पायांनी वजन ढकलणाऱ्या, शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट रक्तदाब मोजला, तेव्हा तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेलेला आढळला. निरोगी माणसात तो सेट संपताच उतरतो. पण उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार, हर्निया, पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण यांपैकी काही असेल, तर श्वास रोखून जड वजन उचलणे आणि बेल्ट आवळणे या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

आता त्या छिद्राकडे. वजन उचलणाऱ्या स्त्रियांमध्ये ही तक्रार तुम्हाला वाटते त्याहून कितीतरी अधिक आढळते, आणि बाळंतपण न झालेल्याही त्यात असतात. वरून श्वासपटल दाबते, चहूबाजूंनी बेल्ट अडवतो, आणि ओटीपोटाचा तळ त्या दाबाला वेळेवर उत्तर देऊ शकला नाही तर मूत्रमार्ग क्षणभर उघडतो. सतत बांधलेला, कदाचित फार खाली किंवा फार घट्ट बांधलेला बेल्ट यात भर घालतो. शौचाला बसल्यावर कुंथतो तसा जोर खाली लावण्याची सवय असेल तर आणखीच. म्हणून पोट कठीण करताना दाब बाहेर कुशींकडे जातो आहे की खाली, याकडे लक्ष द्या. श्वास घेतल्यावर, पोट कठीण करण्याच्या अगदी आधी, वारा अडवताना उचलतो तसा ओटीपोटाचा तळ किंचित वर उचलून घ्या. सगळा जीव लावून नव्हे, जेवढे वजन तेवढाच जोर. काही दिवस श्वास पूर्ण न रोखता, वर येताना सोडत सोडत उचलून पाहा. बऱ्याच जणींना एवढ्यानेच फरक पडतो. मात्र स्वतःच्या मनाने दिवसाला शे-दोनशे वेळा तो तळ आवळण्याचा व्यायाम सुरू करू नका. काहींमध्ये हे स्नायू दुबळे नसून उलट सतत ताठलेले असतात, आणि त्यांना सैल होणे आधी शिकावे लागते. यातले तुमचे काय आहे ते ओटीपोटाच्या स्नायूंचे प्रशिक्षण घेतलेली फिजिओथेरपिस्ट तपासून सांगू शकते, आणि तिच्याकडे जाणे मी तुमच्या यादीत सर्वांत वर ठेवीन.

एक इशारा येथेच देतो. पायात गुडघ्याखाली उतरणारी कळ किंवा बधिरता, आणि त्याहून गंभीर म्हणजे बसतो त्या भागात बधिरपणा येणे, लघवी तुंबणे किंवा तिच्यावरचा ताबा एकाएकी जाणे, यांपैकी काही झाले तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तुम्ही लिहिलेले थेंब त्यातले वाटत नाहीत, कारण ते फक्त जड उचलताना येतात.

क्रंचेसबद्दल मात्र मला थोडे कडक बोलावे लागेल. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा थोडी जास्त भरते ती त्यामुळेच. फुगलेली गादी वाकवली तर तिच्यावर ताणही जास्त पडतो, आणि सकाळी उठल्यानंतरच्या सुरुवातीच्या वेळात कंबर वाकवणे टाळले तर जुनी कंबरदुखी कमी होते असे अभ्यासांत दिसून आले आहे. तुम्ही नेमक्या त्याच वेळी शंभर वेळा कणा वाकवता. आखडण्याचे कारण डेडलिफ्टमध्ये शोधण्याआधी हे बंद करा. शिवाय डेडलिफ्टमध्ये पोटाचे काम धड वाकवण्याचे नसून वाकू न देण्याचे आहे; क्रंच त्याच्या उलट शिकवतो. तीन मिनिटांच्या प्लँकचेही तसेच. पहिल्या अर्ध्या मिनिटानंतर बहुतेक लोक स्नायूंवरून उतरून अस्थिबंधांवर लोंबकळत असतात आणि घड्याळाकडे पाहत असतात.

त्याऐवजी कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात पाठीच्या कण्यावर अनेक वर्षे संशोधन केलेले स्टुअर्ट मॅकगिल सुचवतात ते तीन व्यायाम धरा: एक गुडघा वाकवून, कंबरेखाली तळहात ठेवून डोके-खांदे केवळ इंचभर उचलणे, कोपरावर कुशीचा प्लँक, आणि हातापायांवर ओणवे होऊन उलट बाजूचा हात व पाय लांब करणे, ज्याला बर्ड डॉग म्हणतात. प्रत्येक वेळी दहा सेकंद धरून सोडायचे, पुन्हा धरायचे. आधी सहा, मग चार, मग दोन अशा उतरत्या फेऱ्या करायच्या. बर्ड डॉग सोपा वाटतो म्हणून लोक तो उरकून टाकतात. कंबरेवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवून करून पाहा. पाय जमिनीवरून सुटतो त्या क्षणी बाटली एका बाजूला गडगडली, तर पाय उचलण्यासाठी तुम्ही कटीर, म्हणजे कमरेच्या हाडांचा वाडगा, फिरवला, आणि जड बार जमिनीवरून सुटतानाही बहुधा तेच घडत असणार. बाटली न हलता दहा सेकंद काढणे ही माझ्या मते तीन मिनिटांच्या प्लँकहून मोठी कमाई आहे. याला जोड म्हणून आठवड्यातून दोनदा एकाच हातात डंबेल घेऊन, न कलता, वीस-तीस पावले चालणे ठेवा. कुशीच्या स्नायूंना वजनाखाली उभे राहून काम करायला याहून चांगले काही मला माहीत नाही.

डेडलिफ्टचा स्वतःचा दोषही असू शकतो. बाजूने एक चित्रफीत काढा आणि बार नडगीपासून दूर जातो का, आणि कुल्हे खांद्यांच्या आधी वर उसळतात का, एवढ्या दोनच गोष्टी पाहा.

पुढचे आठ आठवडे बेल्ट पिशवीत राहू द्या. डेडलिफ्ट ६० किलोवर आणि स्क्वॉट ४५ वर आणा, आणि थेंब आले नाहीत व दुसऱ्या दिवशी कंबर आखडली नाही तरच आठवड्याला अडीच किलो वाढवा. त्यानंतर बेल्ट परत आणायचा तो फक्त स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि उभ्याने डोक्यावर ढकलण्याच्या जड सेटसाठी. एकदाच जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या ८० टक्क्यांच्या खाली त्याची गरज नाही. दंडाच्या व्यायामाला बेल्ट बांधणाऱ्यांविषयी मी काही बोलत नाही.

जिममधला बेल्ट मागे रुंद आणि पुढे निमुळता असेल तर तो तुमच्या कामाचा नाही. पाठीला आधार हवा या गैरसमजातून तो आकार रूढ झाला असावा, पण पोटाला रेटायला पुढेच जागा कमी मिळते. सगळीकडे सारख्या रुंदीचा, चामड्याचा, दहा मिलिमीटर जाडीचा बेल्ट पुरेसा आहे. पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियम १० सेंटिमीटर रुंदी आणि १३ मिलिमीटर जाडीपर्यंत परवानगी देतात, पण १३ मिलिमीटरचा बेल्ट नवख्या माणसाच्या बरगड्या सोलून काढतो. बरगडी आणि कमरेचे हाड यांत अंतर कमी असेल तर साडेसात सेंटिमीटर रुंदीचा घ्या. बांधताना तो नाभीच्या आसपास यावा, डेडलिफ्टला बोटभर वर. पोट सैल असताना कुशीत एक बोट सहज सरकावे आणि पोट कठीण केल्यावर तेच बोट चेपले जावे. सेट संपला की लगेच सोडा.

या आठ आठवड्यांत एक वही ठेवा आणि तीनच गोष्टी टिपा: वजन, थेंब आले की नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर कशी होती. वजन उतरवूनही थेंब येत राहिले किंवा चौथ्या आठवड्यापर्यंत आखडणे तसेच राहिले, तर आठ आठवडे पुरे करत बसू नका. ती वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे लगेच पुन्हा जा.